रंग कदी काडतलास?

आमचं घर समाईक आहे. राहतो आम्ही तिघंच: सासूबाई, हे आणि मी. थोरले भावोजी डोंबिवलीला, धाकटे वसईला, वन्सं पुण्याला. घरपट्टी अजून सासऱ्यांच्या नावाने येते आणि सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. पावसाआधी कौलं परतायची, वाशाला लागलेली वाळवी काढायची, माडावर चढणारा माणूस शोधून आणायचा, तेव्हा हे घर आमच्या दोघांचं असतं. रंग काढायचा, म्हणजे भिंती रंगवायचा, विषय निघाला की एका रात्रीत समाईक होतं.

२००५ साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला. फार चांगलं झालं. पण तो हक्क भिंतीच्या रंगापासून बजावायला घ्यावा, हे वन्संना कोणी सुचवलं कोण जाणे. फोन उचलल्या उचलल्या त्या म्हणाल्या, "वहिनी, पिस्ता सोडून काहीही." थोरल्या भावोजींना पिस्ताच हवा होता.

घर म्हणजे तुमच्या व्यक्तिमत्त्वाचा आरसा, असं रंगाच्या जाहिरातींत म्हणतात. आमच्या घरात नक्की कोणाचं व्यक्तिमत्त्व दाखवायचं? पावतीवरच्या नावाप्रमाणे जायचं तर सासऱ्यांचं, आणि त्यांचं दाखवायचं तर सगळ्या भिंती तंबाखूच्या रंगात काढाव्या लागतील. मी हे यांना बोलून दाखवलं. "तुला आवडेल तो काढ," हे म्हणाले. लग्न झाल्यापासून हे असंच म्हणतात आणि काढून झाल्यावर विचारतात, "हाच का काढलास?"

सासूबाई या घरात आल्या तेव्हा ही कटकट नव्हती. रंग एकच, चुना. शिंपल्या भट्टीत भाजून केलेला चुना गोणीतून यायचा. पिंपात भिजत घातला की तो खदखदायचा. मग तो गाळायचा, चिमूटभर नीळ टाकायची आणि केतकीच्या मुळाच्या कुंच्याने भिंतीला फासायचा. ओला असतो तेव्हा चुना दिसतच नाही. पोरं म्हणायची, भिंतीला नुसतं पाणी मारलंत. वाळता वाळता तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि दुसऱ्या सकाळी भिंत लख्ख. आवडीनिवडीला वाव फक्त त्या निळीच्या चिमटीपुरता. चिमूट किती मोठी, यावरून सासूबाईंचं त्यांच्या सासूशी एकदा चांगलंच वाजलं होतं, पण निदान ते माजघरात वाजलं. डोंबिवलीपर्यंत गेलं नाही.

देवांचंही दोन रंगांत भागलं. आमच्या दक्षिण कोकणातल्या आणि गोव्यातल्या काही जुन्या देवळांत कावीकाम दिसतं: चुन्याचा ओला गिलावा, त्यावर लाल काव, आणि मग ती काव नेमकी खरवडून खालच्या पांढऱ्यात काढलेली वेलबुट्टी. लाल आणि पांढरा, बस्स. मी हे कौटुंबिक ग्रुपवर फोटोसकट टाकलं. धाकट्या भावोजींनी अंगठा दाखवला आणि विचारलं, "पण हॉलला काय?" आमच्या घराला हॉल नाही. ओटी आहे.

मग मालवणला जाऊन शेडकार्ड आणलं. नुसत्या पांढऱ्याचीच चार पानं, आणि प्रत्येक पांढऱ्याला असं नाव की घरी आलेल्या पाहुण्यालाही आपण इतकं कौतुकाने हाक मारत नाही. "हे सगळे पांढरेच ना?" यांनी विचारलं. दुकानदार दुखावला. मला साधा मोतिया हवा होता, मोगऱ्याच्या कळीच्या देठाशी असतो तो. दुकानदार म्हणाला, "नंबर सांगा." नंबर सांगितला की तो मशीनवर रंग बनवून देतो, आणि एकदा बनवलेला डबा परत घेत नाही. लग्न जुळवतानासुद्धा याहून जास्त मोकळीक असते.

मी त्या कार्डाचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. मी दाखवला मोतिया. डोंबिवलीच्या फोनवर तो पिवळट दिसला, वसईच्या फोनवर गुलाबी, आणि पुण्याहून निरोप आला, "छान आहे, पण जरा पिस्त्याकडे झुकतोय." शेवटी रीतसर मतदान घेतलं. सगळ्यात जास्त मतं पडली "बाकीचे म्हणतील तो" या पर्यायाला. हा पर्याय यादीत मी घातला नव्हता. तो नंतर कोणीतरी घातला, आणि कोणी ते मला माहीत आहे. तो माणूस तेव्हा माझ्यासमोर चहा पीत बसला होता.

मग भिंतीवर नमुने काढायचं ठरलं. कार्डावरचा बोटभर चौकोन म्हणजे भिंत नव्हे, हे पेंटर पहिल्या दिवसापासून सांगत होता. भिंतीवर गेला की तोच रंग गडद होतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर उजेड टाकतात आणि रंगाला रंग चढतो. त्यात आमच्या खळ्यातली, म्हणजे अंगणातली, माती लाल. मे महिन्यात दुपारचं ऊन त्या मातीवरून उसळून ओटीवर येतं आणि पांढरी भिंत चक्क गुलाबी दिसते. श्रावणात मागचं रान माजलं की तीच भिंत हिरवट. रात्री ट्यूबलाइटखाली ती निळसर होते. म्हणजे पांढरा घेतला तरी भावोजी, वन्सं आणि मी, तिघांचीही सोय वर्षाकाठी होणारच होती. हा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो. ग्रुपवर त्याला कोणी उत्तर दिलं नाही. चुलतसासऱ्यांनी "शुभ सकाळ" पाठवलं.

वसईचा पुतण्या इंटिरिअरचं शिकतो. पोरगा गुणी आहे, फक्त फोन जरा जास्त बघतो. त्याने बाहेरच्या भिंतीसाठी राखाडी सुचवला, उघड्या सिमेंटसारखा दिसणारा. "काकू, कोकणातल्या हिरव्यात तो उठून दिसेल." पुतण्याचं मन मोडायला नको म्हणून रस्त्याकडच्या भिंतीचा एक तुकडा त्याच्या राखाडीने काढून घेतला. दोन हात मारले, वाळू दिला. संध्याकाळी शेजारच्या काकी दूध घेऊन आल्या. खळ्यात उभ्या राहून त्यांनी भिंत खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि म्हणाल्या, "पलास्टर बरा झाला हा गो. आता रंग कदी काडतलास?"

पुतण्याने मग दुसरं सुचवलं: पुढच्या भिंतीचा गिलावाच काढून टाका, आतला जांभा उघडा ठेवा. हल्ली रिसॉर्टवाले असंच करतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. हे सासूबाईंच्या कानावर गेलं. ज्याला गिलाव्याचे पैसे जमत नाहीत त्याच्या घराचा चिरा उघडा राहतो, एवढंच त्यांना ठाऊक. "दगड उघडे टाकूक आमी काय भिकेक लागलंव?" असं म्हणून त्या दोन दिवस वसईच्या फोनला गेल्या नाहीत.

आमचा पेंटर या सगळ्यात शांत होता. त्याचं म्हणणं दोनच गोष्टींबद्दल असायचं. एक, भिंत वली आसा. जांभा पाणी पितो आणि सावकाश सोडतो. वरून प्लॅस्टिकसारखा दाट रंग लावून त्याचं तोंड बंद केलं तर आतली ओल फुगे काढते, लोणा फुटतो, पापुद्रे सुटतात आणि मग लोक रंगाला नावं ठेवतात. म्हणून ऊन खाल्लेल्या भिंतीलाच तो हात लावणार, आणि लोणा खरवडून भिंत घासल्याशिवाय प्रायमर मारणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पट्टा. जमिनीपासून मांडीएवढ्या उंचीपर्यंत चॉकलेटी पट्टा. तो पुतण्याला अगदी गावठी वाटला. पेंटरने त्याच्याशी थेट वाद घातला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "वैनीनू, पट्टो काडूचो लागतलो. पावसाक मोबाइल कळणा नाय."

आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पागोळीचं पाणी खळ्यात पडून लाल माती भिंतीवर उडवतं ती बरोबर मांडीएवढी उंच. पट्टा नसला तर गणपतीपर्यंत तो आपोआप तयार होतो, फक्त कडा सरळ येत नाहीत. मी पट्ट्याच्या बाजूने मत दिलं. कोणी विचारलं नव्हतं, तरी दिलं.

सजावटीचं खातं मोठ्या जाऊबाईंनी आपण होऊन घेतलं. मे महिन्यात त्या आल्या, सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी फळांची परडी घेऊन. ती खरंच देखणी होती. आमच्या एका पाहुण्याने त्यातलं सीताफळ फोडायचा मनापासून प्रयत्न केला. एवढ्यावर थांबल्या असत्या तर काही म्हणणं नव्हतं. पण जाऊबाईंनी माळ्यावरून कंदील उतरवला, माजघरातली रोवळी घेतली, सूप घेतलं, आणि तिन्ही ओटीवरच्या भिंतीला खिळे ठोकून तिरकी टांगली. सुपाला कडेने लाल गोंडे लावले. त्याला म्हणे "गावचा फील" येतो. गावात राहून मला तो कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सासूबाई तांदूळ पाखडायला बसल्या. सूप सापडेना. त्यांनी चूल बघितली, पडवी बघितली, शेजारच्या काकींना हाक मारून विचारलं. मग ओटीवर आल्या आणि मान वर करून बघतच राहिल्या. जाऊबाई मोबाइल घेऊन त्याच भिंतीसमोर फोटो काढत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "बरा केलंस. आता तांदूळ काय भितीर चढान पाखडू?" सूप गोंड्यांसकट खाली आलं. अजून आमच्याकडे तांदूळ पाखडताना लाल गोंडे हलतात. ते काढायचे नाहीत अशी सासूबाईंची ताकीद आहे. जाऊबाईंना वाटतं, आईंना ते आवडले.

तोवर मे अर्धा सरला होता. पेंटरकडे तीन घरं रांगेत, आकाशात ढग, आणि आमचा रंग अजून मतदानात. शेवटी यांनी आयुष्यात पहिल्यांदाच निर्णय घेतला: ज्याची खोली त्याचा रंग, आणि डब्याचे पैसे त्याचे त्याने पाठवायचे. दहा मिनिटांत सगळे वाद मिटले. ही गोष्ट मला आधी का सुचली नाही असं कोणी विचारू नये; मला सुचली होती, पण मी सांगितली असती तर तो वाटणीचा विषय झाला असता. थोरल्यांच्या खोलीला पिस्ता लागला, धाकट्यांच्या खोलीला पुतण्याचा राखाडी, वन्संच्या बाळंतिणीच्या खोलीला अबोली. ओटी, माजघर आणि बाहेरून सासूबाईंचा पांढरा, खाली चॉकलेटी पट्टा. मोतिया स्वयंपाकघराला मिळाला. चुलीच्या धुराने तो आता पंधरवड्यातच भाजलेल्या नारळाकडे निघालाय.

रंग पुरा झाला आणि आठवड्याभरात आम्ही घराला ताडपत्री बांधली. पूर्वी पडवीला माडाच्या झापांची झडी असायची, आता निळी ताडपत्री. जूनपासून आमच्या वाडीतली सगळी घरं रस्त्यावरून एकाच रंगाची दिसतात, आणि तो रंग एकाही शेडकार्डावर नाही. त्याच्यासाठी कोणी मतदान घेत नाही.

श्रावणात गणपतीच्या भिंतीवर चित्र काढणारा मुलगा आला. गणपती बसतो त्या मागची भिंत आमच्याकडे दर वर्षी नव्याने रंगवतात. त्याने मनाला येईल तसं रंगवलं: राणी रंगाची कमळं, पोपटी माड, निळाजर्द महादेव आणि भोवती सोनेरी महिरप. आधी कोणाला विचारलं नाही. मी फोटो ग्रुपवर टाकला. डोंबिवली, वसई, पुणे, तिन्हीकडून एकाच मिनिटात उत्तर आलं: "वा! प्रसन्न वाटतं." पांढऱ्याच्या चार पानांवरून महिनाभर भांडलेली हीच ती माणसं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळे चाकरमानी दाखल झाले. ताडपत्र्या सोडल्या. प्रत्येकाने जाऊन आपापली खोली बघितली आणि दुसऱ्याच्या खोलीबद्दल कौतुकाने गप्प बसला. मग थोरले भावोजी टॉवेल घेऊन मागच्या दाराने न्हाणीघराकडे गेले आणि तिथूनच ओरडले, "वहिनी, हा रंग कोणी निवडला?"

न्हाणीघराची बाहेरची भिंत कोणाच्याच वाट्याला आली नव्हती. पेंटरने सगळे उरलेसुरले डबे एका बादलीत ओतून ढवळले होते, खिडक्यांचा ऑईलपेंट तेवढा वगळून, कारण तो पाण्याच्या रंगात मिसळत नाही. त्यातून निघाला तो रंग धड मातकट नाही, धड गुलाबी नाही; दुपारच्या जेवणानंतर वाटीत उरलेल्या सोलकढीसारखा, आणि ओल्या अळूच्या पानांमागे फार सुरेख दिसत होता. धाकटे भावोजी आले, त्यांना आवडला. पुतण्याने तीन बाजूंनी फोटो काढले. वन्सं म्हणाल्या, "अख्ख्या घराला हाच का नाही काढलात?" सासूबाईसुद्धा काही वाईट बोलल्या नाहीत, यावरून ओळखा.

पुढच्या मे महिन्यात सगळं घर त्याच रंगात काढायचं, पैसे सगळ्यांनी सारखे घालायचे, असं आरतीच्या आधीच ठरलं. विरोध कोणाचाच नव्हता. मी लगेच पेंटरला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि नंबर विचारला.

"तेचो नंबर नाय, वैनीनू," तो म्हणाला. "तसोच होयो तर पयले सगळे डबे परत हाडूक व्हये. नि तेच्या आदी तुमका सगळ्यांका परत भांडूक व्हया."