येनेप आणि खोका

मराठी वेबमालिकेतला गुंड बोलू लागला की दोन तट पडतात. मुलं बिघडतील, असं एक म्हणतो. रस्त्यावर असंच बोलतात, असं दुसरा. लंडनमध्ये राहून हा वाद ऐकला की दुसऱ्या तटाचा दावाच जास्त तपासावासा वाटतो.

इथे हे भांडण व्हिक्टोरिया राणीच्या काळात झालं. गुन्हेगारी कथांच्या ‘पेनी ड्रेडफुल’ नावाच्या पुस्तिका: आठवड्याला आठ पानी अंक, दोन रकाने, वर लाकडी ठशाचं चित्र, किंमत एक पेनी. लेखकाला ओळीवर पैसे, त्यामुळे ‘कोण?’, ‘मी.’, ‘तू?’ एवढ्यावरही तीन ओळींची कमाई. पान संपलं की वाक्यसुद्धा अर्धवट तुटे. गिऱ्हाइकांचे जीव घेणारा न्हावी स्वीनी टॉड १८४६ साली असाच हप्त्याहप्त्याने आला. याच बाजारातल्या रेनॉल्ड्स या लेखकाच्या लंडन-रहस्यांची छाया हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’ या कादंबरीवर आहे, तेव्हा नाकं मुरडताना जरा जपून.

१८९५ मध्ये पूर्व लंडनमधल्या प्लेस्टोत तेरा वर्षांच्या रॉबर्ट कूम्ब्सने आईचा खून केला. घरात या पुस्तिका सापडल्या आणि दोष त्यांच्यावर गेला. पुढे ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळातून सुटून तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेताना त्याने शौर्यपदक मिळवलं. ते पदक कुणी पुस्तिकांच्या खाती जमा केलं नाही.

आता भाषेचं. गुन्हेगारी कादंबऱ्यांतली चोरबोली बरीचशी उसनी होती. ‘रूकवुड’ (१८३४) लिहिणाऱ्या एन्सवर्थने आपली चोरबोली एका कैद्याच्या छापील आठवणींतून उचलल्याचं स्वतःच सांगितलं. खरी बोली हातगाडीवर होती. फळं-मासळी विकणारे फेरीवाले शब्द उलटा करत, म्हणजे गिऱ्हाइकासमोर भाव बोलता येई आणि पोलीस दिसला तर सावधही करता येई. टेनचा नेट सरळ होतो. पेनी अक्षरं उलटून जिभेवर बसत नाही, म्हणून मध्ये स्वर घालून ‘येनेप’. सिक्सला पुढे स्वर जोडून ‘एक्सिस’. अनेकवचनाचा ‘स’ मात्र उलटायचा नाही, तो शेवटीच: येनेप्स. पोलीस उलटून, झिजून नुसता ‘स्लॉप’ उरला. ‘बॉय’चा ‘यॉब’ आजही इथल्या वर्तमानपत्रांत टवाळ पोराला चिकटतो. आपल्या ‘च’च्या भाषेत ‘मला’चं ‘चलाम’ होतं. कसब त्याच जातीचं, फक्त इथे त्यावर पोट होतं.

१८५९ मध्ये हॉटन नावाच्या प्रकाशकाने हे शब्द कोशात छापले. कुणालाही कळू लागलेला संकेत धंद्याला काय कामाचा?

आपल्या मालिकांत पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, आणि सुपारी. पटकथा अजून इथेच अडकली आहे. ‘पन्नास खोके’ २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमदारांनीच घोषणा म्हणून दिलं. पडद्यावरचा गुंड अजून तेच कुजबुजत्या आवाजात म्हणतो.