करणीच्या बाहुल्या म्हणे!

भाचीला सातवा महिना, पोटात जुळं. तिच्या दिराने लागोसहून आणलेली लाकडी मूर्तींची जोडी वर्षभर शोकेसमध्ये सुखाने उभी होती. परवा सासूबाईंनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. कारण एक फॉरवर्ड: ‘या आफ्रिकेतल्या करणीच्या बाहुल्या. मेलेल्या मुलाचा आत्मा यात कोंडतात. तिकडे जुळी जन्मताच मारतात. घरात ठेवाल तर जुळ्यातलं एक जाईल.’

शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याला फटके द्यायला हवेत. सगळं नेमकं उलटं आहे. नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबांच्या या ‘एरे इबेजी’. जुळ्यांचा आत्मा एकच, त्यामुळे गेलेलं भावंड राहिलेल्यालाही ओढून नेईल, ही त्यांची भीती. म्हणून राहिलेलं मूल जगावं यासाठी बाबालावोला, म्हणजे त्यांच्या दैवज्ञाला विचारून गेलेल्याची वीतभर मूर्ती कोरून घेतात. आई तिला आंघोळ घालते, लाल लाकडाची पूड चोळते, केसांना नीळ लावते (हो, कपड्यांचीच), घास भरवते. वर्षानुवर्षं हात फिरून नाक-डोळे पुसट होतात. आपल्या देव्हाऱ्यातले पितरांचे टाक कशाने झिजतात?

आत्म्याचा संबंध आहे, तेवढं खरं. पण कोंडणं कुठलं, जागा देणं म्हणा. कला-अभ्यासक मॅरिलिन हौलबर्ग यांचा ‘आफ्रिकन आर्ट्स’ या नियतकालिकातला १९७३चा लेख वाचा. लाकडी मूर्तीच्या जागी बाजारातली प्लॅस्टिकची बाहुलीही आया वापरतात, हे त्यात आहे. करणीसाठी प्लॅस्टिकची बाहुली?

जुळी मारण्याचं म्हणाल तर नायजेरियाच्याच आग्नेयेला, कॅलाबारकडे एफिक लोकांत ती प्रथा होती. मेरी स्लेसर ही मिशनरी त्या प्रथेविरुद्धच झगडली. योरुबांतही फार पूर्वी असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. मान्य. पण १८३०मध्येच लँडर बंधू या इंग्रज प्रवाशांना योरुबांच्या मुलखात मूल गेलेल्या बायका लाकडी बाळं घेऊन चालताना दिसल्या होत्या. आणि आज इग्बो-ओरा या योरुबा गावात जुळ्यांचा उत्सव भरतो!

भाचीची जोडी तर बहुधा पर्यटकांसाठीच कोरलेली. नाकं अजून टोकदार आहेत, कुणी कधी घास भरवलेला नाही.

तिला मी ताइवो-केहिंदेचं सांगितलं. योरुबांत आधी जन्मतो तो ताइवो, आणि तो धाकटा. थोरला केहिंदे त्याला ‘जा, जग कसंय बघून ये’ म्हणून पुढे पाठवतो. ती हसली. जोडी अजून माळ्यावरच आहे.