माराच्या माळावरून ताडोबाकडे पाहताना

31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि विदर्भातल्या व्याघ्रपर्यटनाची चर्चा गाड्यांची संख्या, मोबाईल आणि दंड यांभोवती फिरू लागली. अशा चर्चेत आफ्रिकेचा दाखला हमखास दिला जातो. नैरोबीत राहून केनियातल्या मसाई मारा या वन्यजीव क्षेत्रात जात असल्यामुळे मला वाटते की तिथून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते शिस्तीबाबत नाही.

सुमारे 1,500 चौरस किलोमीटरच्या मारा राखीव क्षेत्रात, शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून आलेले विल्डबीस्ट या मोठ्या रानटी प्राण्यांचे कळप नदी ओलांडू लागले की काठावर गाड्यांची इतकी दाटी होते की कधी कधी कळपालाच उतरायला वाट उरत नाही. चित्र पालटते ते या क्षेत्राची उत्तर सीमा ओलांडल्यावर. तिथली जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. सामाईक कुरणांची वाटणी होऊन ज्याच्या-त्याच्या नावावर जमीन झाली, आणि 2006 च्या सुमारास शेजारच्या मालकांनी आपले तुकडे एकत्र करून ते पर्यटन व्यावसायिकांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. ओलारे मोटोरोगी, नाबोइशो, मारा नॉर्थ ही अशा एकत्र केलेल्या क्षेत्रांपैकी काहींची नावे. मालकाला एकराच्या हिशेबाने भाडे मिळते. त्या दिवशी पर्यटकाला सिंह दिसला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. त्या बदल्यात कुंपण घालायचे नाही, गुरे ठरलेल्या पाळीने चारायची, आणि एका प्राण्याजवळ साधारणपणे पाचच गाड्या थांबू द्यायच्या.

आपल्याकडे मोहफुले वेचताना वाघाच्या हल्ल्यात जीव गेला, तर कुटुंबाला 25 लाख रुपये मिळतात. केनियाच्या 2013 च्या कायद्यातही 50 लाख शिलिंगची तरतूद आहे, परंतु तिथली कुटुंबे वर्षानुवर्षे वाट पाहतात. याबाबतीत महाराष्ट्र पुढे आहे, हे नोंदवलेच पाहिजे. मात्र ही भरपाई झाली. वाघ रात्री शेतातून सुखरूप निघून गेला, याबद्दल बफरमधल्या, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्राभोवतीच्या पट्ट्यातल्या, शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. गावातल्या काहींना गाईडचे किंवा जिप्सी चालवण्याचे काम मिळते, पण धानाचा बांध ज्याचा, तो बहुधा यात कुठेच नसतो.

माराची व्यवस्था निर्दोष नाही. जमिनी मुख्यतः पुरुषांच्या नावावर असल्याने स्त्रियांच्या हाती भाडे क्वचितच पडते, आणि 2020 मध्ये पर्यटन थांबताच अनेक ठिकाणी भाड्याला कात्री लागली. शिवाय उघड्या माळावर गुरे आणि झेब्रे एकत्र चरू शकतात. ताडोबाच्या दाट बांबूत गुराख्याने शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून गाभा क्षेत्रासाठी हा दाखला मी देणार नाही. बफरला लागून असलेली, रानडुकरांच्या त्रासामुळे पडीक ठेवावी लागणारी खासगी शेते मात्र एकराच्या दराने भाड्याने घेता येतील, आणि त्यासाठीचा पैसा सफारीच्या प्रवेशशुल्कातून, पती-पत्नी दोघांच्या खात्यात, वर्षाच्या सुरुवातीलाच देता येईल. दंडाच्या रकमेवर वाद घालण्याआधी मला हा दर किती असावा, यावर चर्चा झालेली हवी आहे.