दुर्मीळ धोबी दाखवावा, पण दिसू देऊ नये

अभिनंदन! तुम्हाला दुर्मीळ धोबी, म्हणजे सतत शेपटी हलवणारा तो चिमुकला पक्षी, दिसला. साधासुधा नाही, थेट उपप्रजात. आता जगाला कळवायला हवं. पण कळवण्याचीही एक रीत असते, आणि या हिवाळ्यात आमच्या परिचयातल्या एका ज्येष्ठ पक्षीमित्रांनी ती इतकी चोख पाळली की नवशिक्यांच्या सोयीसाठी लिहून ठेवणं भाग आहे.

आधी फोटो. तो असा कापावा की चौकटीत पक्ष्याशिवाय काही उरू नये. चिखल दिसला की लोक तलाव ओळखतात, खुरटं गवत दिसलं की माळ ओळखतात. शेपटीचं टोक कापलं गेलं तरी चालेल, पण पाठ झाकलेली हवी. पांढऱ्या धोब्याची 'ऑक्युलॅरिस' म्हणून जी उपप्रजात आहे (आमच्या पक्षीमित्रांना दिसली ती हीच म्हणे), तिच्या पांढऱ्या चेहऱ्यावर डोळ्यातून आरपार जाणारी काळी रेघ असते आणि पाठ राखाडी असते. जपानकडच्या 'लुगेन्स'लाही तशीच रेघ असते, पण विणीच्या पिसाऱ्यात त्याच्या नराची पाठ काळी होते. म्हणजे पाठ नीट दिसली की निम्मी चर्चा तिथेच संपली. मग 'वा सर', 'सुपर्ब सर', 'लायफर सर' (लायफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी) कोण लिहिणार?

त्यावर स्वतःचं नाव टाका. आडवं, डोळ्यावरून. रेघ कुठली आणि सहीचा फराटा कुठला, हे बघणाऱ्यांनी ठरवावं.

तारीख नको. तारीख नसली की गेल्या वर्षीचा पक्षीसुद्धा आज सकाळचा वाटतो.

नाव मात्र बेधडक द्यायचं. डिसेंबरातल्या मळकट, पिवळट पिल्लाला खुशाल 'फेल्डेग', म्हणजे पिवळ्या धोब्याची काळ्या डोक्याची उपप्रजात, म्हणा. पिवळ्या धोब्यांचे नर परतीच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये रंगात येतात. तोवर माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं कुठल्या उपप्रजातीची हे विचारलं, तर भले भले जाणकार 'पिवळा धोबी' एवढंच लिहून मोकळे होतात. त्यात दोन उपप्रजातींचे प्रदेश जिथे एकमेकांना भिडतात तिथे संकरही होतात. जाणकारांचं काय, त्यांना शंका येतात. तुम्हाला येत नाहीत, हाच तर तुमचा मोठेपणा.

आवाज रेकॉर्ड करण्याच्या भानगडीत पडू नका. पिवळ्या धोब्याच्या पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या अशा दोन स्वतंत्र प्रजाती हल्ली मानतात आणि उडतानाचा आवाज त्या ओळखायला कामी येतो म्हणे. येऊ दे. आवाजावर वॉटरमार्क टाकता येत नाही.

पक्ष्यांच्या नोंदी जिथे टाकतात त्या 'ई-बर्ड' संकेतस्थळाच्या समीक्षकाने तपशील मागितला तर तो अपमान समजावा. 'तुझ्या जन्माआधीपासून पक्षी बघतोय' एवढं उत्तर पुरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जागा.

कुणी जागा विचारली तर 'महाराष्ट्र' म्हणावं. ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, शोधा निवांत. या बाबतीत जुनी माणसं फारच भोळी. कर्नल विल्यम सायक्स नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, तेव्हा एका धोब्याला त्याने भीमा नदीवरून 'बीमा' म्हटलं आणि दुसऱ्याला दख्खनवरून 'दुखुनेन्सिस'. नावातच पत्ता! ना जीपीएस, ना मोबाइल, तरी साहेबाच्या पोटात काही राहिलं नाही. आज ज्याच्या खिशातला फोन झाडाच्या बुंध्यापर्यंत ठिकाण सांगतो, तो मात्र 'महाराष्ट्र' लिहितो.

आणखी कुणी खोदून विचारलंच, तर ब्रह्मास्त्र काढावं: 'पक्ष्याला त्रास नको.' ऐकणारा शरमेने गप्प. घुबडाच्या घरट्याच्या बाबतीत हे वाक्य सोळा आणे खरं आहे. तिथे जागा सांगणाऱ्याचे कान धरावेत. पण ऑक्युलॅरिसची घरटी कुठे? ईशान्य सैबेरियात आणि अलास्काच्या पश्चिम भागात. इकडे आलाच तर तो थंडी काढायला येणार, म्हशींच्या मागे शेपटी हलवत माश्या टिपणार आणि उन्हाळा लागला की निघून जाणार. त्याला म्हशीचा त्रास नाही, धुणं धुणाऱ्या बायकांचा नाही, पंपाच्या आवाजाचा नाही. फक्त माझ्यासारख्याने दुर्बिणीतून लांबून बघितलं की होतो!

मी आमच्या त्या पक्षीमित्रांना रीतसर विचारलं होतं. 'सर, जागा कळेल का? नोंदीसाठी हवी होती.' उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र आलं. आणि त्याच आठवड्यात त्याच सरांकडून जाहिरात: 'दुर्मीळ धोबी स्पेशल. रविवार पहाट. दोन सीट शिल्लक. नाश्त्यासह.' म्हणजे पक्ष्याला त्रास होतो तो फुकट्यांचा. पैसे भरले की धोबी आपोआप माणसाळतो.

जागा शेवटी कळलीच. अशी गुपितं नावाड्यांना आधी ठाऊक असतात आणि त्यांना ती विकायची नसतात. उजनी धरणाचं बॅकवॉटर. पाणी ओसरतं तसतसा गाळ उघडा पडतो आणि काठाचे शेतकरी त्यावर गाळपेर करतात. रविवारी मी पोचलो तेव्हा त्या गाळपेरीतल्या कांद्यात माणसं पालथी पडली होती. कपडे लष्करी रंगाचे, कोपराखाली मऊ गाद्या आणि कोपरांच्या रेट्याने आडवी झालेली कांद्याची हिरवी पात. शेतकरी बांधावरून ओरडत होता, "आवो, कांदा हाय त्यो! बांधावरनं जावा की!" त्यावर सर कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "एक मिनिट, काका." त्या एका मिनिटात आणखी एक वाफा गेला. मग सरांनी बरोबरच्या पोराला हुकूम सोडला, "जरा उडव रे, फ्लाइट शॉट घेऊ." पोरगं टाळ्या वाजवत धावलं. पांढरे, पिवळे, करडे, सगळे धोबी चिर्र करून उठले आणि पाण्यावरून पलीकडच्या काठाला गेले. त्यात ऑक्युलॅरिस होता की नव्हता, देव जाणे. सगळे उठून स्क्रीन बघायला लागले. कपड्यांवरचा गाळ झटकत एक जण म्हणाला, "पैसा वसूल."

पक्ष्याला त्रास नको!

शेतकऱ्याने मला विचारलं, "काय गावतं वो ह्येंला त्यात?" काय सांगणार? लाइक गावतात, असं त्याला सांगायची लाज वाटली.

आता सरळच बोलतो, कारण मघाचा सूर मलाच झेपेनासा झालाय. सर, तो पक्षी तुमच्या तीर्थरूपांची इस्टेट नाही. तारीख, वेळ, ठिकाण, बरोबर कोणते धोबी होते, पाठीचा रंग, डोळ्याची रेघ चोचीपासून मानेपर्यंत अखंड होती की तुटक, एवढं लिहायला पाच ओळी लागतात. जाहिरातीला तुम्ही दहा लिहिल्या. गर्दीची खरोखर भीती असेल तर पक्षी आहे तोवर गप्प बसा, कुणी काही म्हणणार नाही. एप्रिलमध्ये तो परत गेला की नेमक्या जागेसकट नोंद टाका. असे पक्षी दख्खनात किती, कधी आणि कुठे येतात हे कळायला दुसरा मार्ग नाही. जागा नाही, तारीख नाही, पाठ दिसत नाही, अशा फोटोला नोंद म्हणत नाहीत, फुशारकी म्हणतात. आणि जागा दाबून ठेवून तिचं तिकीट लावणाऱ्याला पक्षीमित्र म्हणत नाहीत. काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

न कापलेला मूळ फोटो पाठवा. पाठ दिसते तो. तुमच्याकडे आहे, गाडीत स्क्रीनवर सगळ्यांना दाखवलात म्हणे. आणि पुढच्या रविवारची 'स्पेशल' काढायच्या आधी त्या माणसाच्या कांद्याचे पैसे देऊन या.