अर्धंच बोलणं का ऐकू येतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फोनवरच्या एआयएस नकाशात (जहाजं आपली ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवतात, ती यात दिसते) जहाजं नावानिशी दिसतात, मग त्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायला स्कॅनर, म्हणजे एकेक चॅनल चाळत जाणारा रेडिओ, कानाला लावून बसायचं कशाला? त्यातून ऐकू येतं तेही अर्धवट, आणि मुळात हे चोरून ऐकणंच झालं.

आधी अर्धवटपणाचं बघू. मरीन व्हीएचएफची, म्हणजे जहाजं ज्यावर बोलतात त्या रेडिओची, लहर जवळपास सरळ रेषेत जाते, त्यामुळे सगळा खेळ अँटेनाच्या उंचीचा. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा, की रेडिओ-क्षितिज, म्हणजे त्या अँटेनाची लहर किती लांब पोचते ते, किलोमीटरमध्ये मिळतं. दोन्ही टोकांची बेरीज करायची. तुमची अँटेना ४ मीटरवर आणि जहाजाची ३६ मीटरवर असेल, तर पल्ला सुमारे ३३ किलोमीटर. त्याच जहाजाशी होडीतून हँडसेटवर बोलणारा मात्र १४ किलोमीटरपलीकडे सहसा ऐकू येत नाही. जहाजाला तो ऐकू येतो, तुम्हाला नाही! शिवाय काही चॅनल ड्युप्लेक्स असतात, म्हणजे दोन बाजू दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर बोलतात. २० नंबरवर जहाज १५७.००० मेगाहर्ट्झवर बोलतं आणि किनारा १६१.६०० वर, एकच फ्रिक्वेन्सी भरलीत तर एकच बाजू मिळणार. स्कॅन डिलेही बघा, म्हणजे बोलणं संपल्यावर स्कॅनर त्या चॅनलवर किती वेळ थांबतो ते. तो शून्यावर असेल तर उत्तर येईपर्यंत स्कॅनर पुढे निघून गेलेला असतो. दोन-तीन सेकंद पुरतात.

१६ नंबरच्या चॅनलवर नुसतं 'बारावर या' ऐकू येतं, ही तक्रार मला कळली नाही. १६ आहेच मुळी हाक मारायला आणि संकटासाठी. मागोमाग १२ वर जा.

नकाशाबद्दल: एआयएससुद्धा व्हीएचएफच आहे, १६१.९७५ आणि १६२.०२५. किनाऱ्यालगतची तुमच्या ॲपमधली जहाजं बहुतेक कुणाच्या तरी अँटेनावरूनच आलेली असतात. कित्येक छोट्या होड्यांवर तर एआयएस नसतंच. आणि जहाज बंदरात नेणाऱ्या पायलटसाठी शिडी डाव्या बाजूला, पाण्यापासून एक मीटरवर सोडा, हे नकाशा सांगत नाही.

चोरून ऐकण्याचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. परवानगीचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, ते आधी तपासावेत. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत, सर्वांसाठी नसलेलं बोलणं विनापरवाना ऐकायला आणि उघड करायला मनाई आहे. म्हणून तुम्ही मागितलेली रेकॉर्डिंग इथे टाकणार नाही. 'मेडे', म्हणजे जिवावरच्या संकटातला पुकारा, मात्र सगळ्यांना उद्देशूनच असतो. तो ऐकू आला आणि कुणीच उत्तर देत नसेल, तर ठिकाण आणि जहाजाचं नाव टिपून सागरी बचाव यंत्रणेला फोन करा.