खुबा बदलला म्हणून डोंगर बंद? त्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने बडोद्यातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांसाठी सूचना म्हणून तो येतो आणि प्रत्येक घरातलं कुणीतरी तो काळजीनं पुढे पाठवतं. त्यात सहा गोष्टी आहेत. ऑपरेशननंतर तीन महिने पलंग सोडू नका. पायऱ्या आणि चढ आयुष्यभर टाळा. कृत्रिम सांधा दहा वर्षांत झिजतो, म्हणून पावलं जपून खर्च करा. मांडी घातली की सांधा निखळतो. थंडीपावसात आतला धातू गंजतो. आणि पावागडला, म्हणजे बडोद्याजवळच्या कालिकामातेच्या डोंगरावर, जायचंच असेल तर रोपवेनं जा, पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो सोडून दिला. माझा उजवा खुबा डिसेंबर 2023 मध्ये बदलला आणि त्यानंतर मी दोनदा पावागड चढले आहे, त्यामुळे माझ्यावर त्याचा काही परिणाम होणार नव्हता. मग मे महिन्यात रावपुऱ्यात मावशीकडे गेले. मावशी 71 वर्षांची. तिचा खुबा फेब्रुवारीत बदलला. सर्जननी दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं होतं, घरी आल्यावर आठ दिवस फिजिओ येत होता, आणि मग हा मेसेज आला. तिनं फिजिओला यायचं बंद करायला सांगितलं. मी गेले तेव्हा तिच्या ऑपरेशनच्या पायाची मांडी दुसरीपेक्षा डोळ्यांना कळेल इतकी बारीक झाली होती. बाथरूमपर्यंत जाताना ती दोन्ही हातांनी भिंत धरत होती. म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. माझ्या सर्जनना आणि फिजिओला विचारून, वाचून, आणि स्वतःच्या पायानं जे कळलं ते सांगते.

मुद्द्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट. ‘खुब्याचं ऑपरेशन’ हे एक ऑपरेशन नव्हेच. कुणाचा सांधा झिजला म्हणून किंवा रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोळा खचला म्हणून आख्खा सांधा बदलतात: वर वाटी नवी, खाली गोळा नवा. कुणी पडून हाडाची मान मोडते आणि ती स्क्रूनं जोडतात. कुणाचा फक्त गोळा बदलतात, वाटी स्वतःचीच ठेवतात. स्क्रूनं जोडलेलं हाड जुळेपर्यंत वजन कधी टाकायचं हे एक्स-रे बघून ठरतं आणि तिथे खरंच थांबावं लागतं. पूर्ण सांधा बदललेल्याला बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. मेसेज या सगळ्यांना एकच औषध पाजतो. तुमचं कोणतं ऑपरेशन झालं, सांधा हाडात सिमेंटनं बसवला की बिनसिमेंटचा, चीर मागून की पुढून, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद काढून वाचा. मी पुढे लिहिते ते पूर्ण सांधा बदललेल्यांबद्दल.

आता तीन महिने पलंगाचा मुद्दा. सहांपैकी सगळ्यांत जास्त नुकसान यानंच केलंय. 2007 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस पलंगावर ठेवलं. आजार नाही, ऑपरेशन नाही, नुसतं झोपणं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं, चरबी सोडून मोजलेलं वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, सरासरी जवळपास एक किलोनं घटलं. दहा दिवसांत! मावशी तीन महिने झोपली होती, तेही कापलेल्या स्नायूंसकट. शिवाय पडून राहिल्यानं पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ऑपरेशननंतर लगेच उभं करण्यामागे हे एक मोठं कारण आहे. पोटरी सुजली, दुखू लागली, दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर घरच्या घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. मेसेजमध्ये नेमकं हे कुठेच नाही.

ज्या शहरात जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रा. माणिकरावांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलं घडवली, माझे आजोबा ज्या दांडिया बाजारातून पहाटे तिकडे धावत जायचे, त्या शहरातले लोक एकमेकांना झोपून राहा म्हणून सांगतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पायऱ्या आणि चढ. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण माझी स्वतःची भीती इथेच होती. बर्लिनमध्ये गेओर्ग बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम सांध्यातच मोजमापाची यंत्रणा बसवली आणि रुग्ण चालताना, चढताना, उतरताना खुब्यावर प्रत्यक्ष किती भार येतो ते मोजलं. 2001 साली त्यांनी चार रुग्णांचे आकडे मांडले. सपाटीवर साध्या चालीनं चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे 2.4 पट. पायऱ्या चढताना सुमारे 2.5 पट. उतरताना सुमारे 2.6 पट. रुग्ण चारच होते हे खरं, पण हा अंदाज नाही, सांध्याच्या आतून घेतलेलं माप आहे. माझं वजन 60 किलो. म्हणजे कामाटीबागेत चालताना माझ्या खुब्यावर साधारण 144 किलो येतात आणि जिना उतरताना 156. बारा किलोंचा फरक. या बारा किलोंसाठी आयुष्यभर जिना सोडायचा?

त्याच संशोधकांच्या मोजमापांत आणखी एक आकडा आहे आणि तो मी स्वयंपाकघरात चिकटवून ठेवलाय. रुग्ण चुकून अडखळला तेव्हा भार वजनाच्या सात पटींच्या पुढे गेला. माझ्यासाठी याचा अर्थ 420 किलोंहून जास्त, तेही एका क्षणात. अडखळणं म्हणजे पडणंसुद्धा नव्हे, पडता पडता सावरणं. भ्यायचं असेल तर याला भ्या. आणि माणूस अडखळतो कुठे? ओल्या बाथरूममध्ये, सतरंजीच्या दुमडलेल्या कडेला, रात्री दिवा न लावता. मावशी तर डोंगरापासून कित्येक किलोमीटर दूर राहून रोज याच धोक्यात होती, कारण तिला सावरून धरणारा स्नायूच उरला नव्हता.

तो स्नायू खुब्याच्या बाहेरच्या बाजूला असतो. एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसऱ्या बाजूला कलू न देणं हे त्याचं काम. तो अशक्त असला की चालताना माणूस बदकासारखा झुलतो. माझ्या फिजिओची अट साधी होती: आरशासमोर ऑपरेशनच्या पायावर तीस सेकंद उभं राहायचं आणि कंबर ढळता कामा नये. ते जमेपर्यंत टेकडीचं नाव काढायचं नाही. मला त्याला पाच महिने लागले. कुशीवर झोपून पाय उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर चढउतार करणं, एवढंच रोज, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही.

काठीबद्दलही बोलून टाकते, कारण निम्मे लोक ती चुकीच्या हातात धरतात. उजवा खुबा बदलला असेल तर काठी डाव्या हातात. पाय टाकताना शरीराचं वजन डावीकडे कलू पाहतं आणि ते आवरायला खुब्याच्या स्नायूला जोरानं खेचावं लागतं. विरुद्ध बाजूच्या हातातली काठी ते ओझं लांबून उचलते, म्हणून थोड्या दाबानंही सांध्यावरचा भार चांगलाच उतरतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आणि काठी आधी.

‘दहा वर्षांत झिजतो, पावलं जपून खर्च करा’ या वाक्यात खऱ्याचा एक कण आहे आणि तो मी नाकारणार नाही. सांधा वर्षांनी झिजत नाही, वापरानं झिजतो, हे संशोधनातून दिसलंय. जुना इतिहासही तसाच आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1950च्या दशकाच्या शेवटी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या, त्या काही वर्षांतच झिजून गेल्या आणि रुग्णांवर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली. पण 1962 मध्ये त्यांनीच दाट पॉलिथिलिनची वाटी आणली आणि खुबा बदलणं खऱ्या अर्थानं सुरू झालं. 1990च्या दशकाच्या अखेरीस त्याच प्लास्टिकचा आणखी घट्ट विणीचा प्रकार आला. त्याची झीज जुन्याच्या मानानं फारच कमी होते. सिरॅमिकचे गोळेही आले.

दहा वर्षांचा आकडा कुठून आला ते मला माहीत नाही, पण 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला आकडा असा आहे: बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे 58 टक्के 25 वर्षं टिकले. आणि पंचवीस वर्षं मागे वळून पाहायचं म्हणजे त्यातले बरेचसे जुन्या बनावटीचे.

आता पावलांचा हिशेब करू. सांधा बदललेला माणूस एका पायानं वर्षाला साधारण दहा लाख पावलं टाकतो असा अंदाज मोजमापांतून निघाला आहे. समजा डोंगराच्या एका दिवसात आठ हजार पावलं जास्तीची पडली. एका पायाची चार हजार. महिन्यातून एकदा गेलात तर वर्षाला 48 हजार. दहा लाखांत ही पाच टक्केसुद्धा नाहीत. घरात, बाजारात, देवळात टाकलेल्या पावलांनीच सांध्याचा बहुतेक वापर होतो आणि ती कुणी थांबवू शकत नाही, थांबवूही नयेत. रोज डांबरी रस्त्यावर पळणं, उंचावरून उड्या मारणं ही वेगळी गोष्ट आहे. माझ्या सर्जननी मला त्याला नाही म्हटलं आणि मी ते ऐकते.

कुणीतरी उत्तरादाखल अँडी मरेचा फोटोही टाकला होता. जानेवारी 2019 मध्ये खुब्यावर शस्त्रक्रिया, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची टेनिस स्पर्धा जिंकली. खरं आहे. पण त्याचा गोळा कापून काढला नव्हता, त्यावर धातूचं टोपण बसवलं होतं, आणि तो तिशीतला खेळाडू. रावपुऱ्यातल्या बाईनं त्याच्याकडे बघून काही ठरवू नये.

मांडी घालण्याचा मुद्दा अर्धा बरोबर, पण अर्धवट सांगितलेला. मागून चीर घेतली असेल तर सुरुवातीचे सहा ते बारा आठवडे गुडघा खुब्याच्या वर न्यायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, बुटकी खुर्ची आणि उकिडवं बसणं बंद. सांधा निखळण्याचा धोका याच काळात सगळ्यांत जास्त असतो. धोक्याची स्थिती म्हणजे खुबा खूप वाकलेला आणि गुडघा आतल्या बाजूला वळलेला. मांडी घालताना गुडघा बाहेर जातो, म्हणजे ती नेमकी उलटी स्थिती. म्हणून बऱ्याच जणांना पुढे मांडीची परवानगी मिळते, काहींना मिळत नाही, आणि हे सांधा कसा बसवलाय त्यावर ठरतं. ज्यांनी बसवला त्यांनाच विचारा. मला सातव्या महिन्यात मिळाली. त्या गणपतीत आरतीनंतर पंगतीला जमिनीवर बसले तेव्हा डोळे भरून आले होते.

धातू गंजतो, हे साफ खोटं. टायटॅनियम आणि कोबाल्ट-क्रोम पावसानं गंजत नाहीत, आणि शरीराच्या आत पाऊसही नसतो, थंडीही नसते.

राहिला रोपवे. माचीहून, म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्यावरून, वर जाणारा रोपवे 1986 पासून आहे आणि मी त्याच्या विरुद्ध अजिबात नाही. पण वरच्या टोकाला उतरल्यावर कालिकामातेच्या देवळापर्यंत पायऱ्या आहेतच. पायाची तयारी न करता रोपवेत बसलेला माणूस त्या पायऱ्यांवर, रेटारेटीत, दमलेल्या पायांनी अडखळणार. मी नोव्हेंबर 2024 मध्ये, अकराव्या महिन्यात, माचीपर्यंत गाडीनं गेले, तिथून पायी चढले आणि खाली रोपवेनं आले. मुद्दाम उलटं केलं. चढताना दम लागतो पण पाय आपल्या ताब्यात असतो. उतरताना मांड्या थकून थरथरतात आणि घसरणं तिथे होतं. दुसऱ्या खेपेला दोन काठ्या घेऊन पायी उतरले. उन्हं चढायच्या आत निघाले, ओझं भाच्याच्या पाठीवर, तळव्याला खाचा असलेले बूट, आणि दर काही पायऱ्यांनी थांबणं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या. मांडीचं ते दुखणं स्नायूंचं. जांघेत कळ आली असती, पाय टेकवेना झाला असता, तर मी एक्स-रे काढायला गेले असते.

कामाटीबागेतून वाहणारी विश्वामित्री पावागडातूनच निघते. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात मी तिथल्या पुलावर उभी राहून रोज तेच मनात आणायची, की हे पाणी जिथून आलं तिथे जायचंय.

मावशीकडे फिजिओ पुन्हा येऊ लागला त्याला सहा आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात फक्त खुर्चीतून उठणं होतं. गेल्या रविवारी तिनं वाड्याचा जिना चढला, चौदा पायऱ्या, एका हाताला कठडा, दुसऱ्या हाताला काठी, चांगला पाय आधी. वर पोचल्यावर खुर्ची मागितली, पाणी प्याली आणि विचारलं, ‘नवरात्रात जाऊ या का गं?’ मी म्हटलं, नवरात्रात नको मावशी, गर्दीत धक्का लागतो. दिवाळीनंतर जाऊ, आडदिवशी, माचीपर्यंत गाडीनं, तिथून जमतील तेवढ्या पायऱ्या. तिनं कालनिर्णय काढून घेतलं आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मंगळवारावर पेन्सिलीनं खूण केली.