गोठ्याच्या कमानी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन आठवडे एकच भांडण पेटलंय: साताऱ्याकडचा वाडा बिल्डरला द्यायचा की दुरुस्त करायचा. परवा पुण्याच्या चुलतभावानं लिहिलं, "सोपा, बळद आणि गोठा. याला वारसा म्हणतात? वारसा तुझ्या इटलीत." खाली त्याच बिल्डरच्या दुसऱ्या स्कीमचं चित्र: 'इटालियन व्हिला', दारात चार खांब.

त्या चार खांबांनी माझं डोकं फिरलं.

मी कास्तेल्फ्रांकोला राहतो. फान्झोलोची व्हिल्ला एमो सायकलनं अर्ध्या तासावर, शेतांच्या मधोमध. सोळाव्या शतकाच्या मध्याला पाल्लादिओ या वास्तुकारानं ती व्हेनिसच्या लिओनार्दो एमो या उमरावासाठी आखली. मधे मालकाचं घर, त्याला देवळासारखी खांबांची ओसरी, दोन्हीकडे अकरा-अकरा कमानींचे लांबच लांब हात. कमानींमागे काय? पाल्लादिओनं १५७० सालच्या आपल्या ग्रंथात स्वतःच सांगून ठेवलंय: वाइनची तळघरं, धान्याची कोठारं, तबेले, टोकांना कबुतरखाने, आणि सगळीकडे छपराखालूनच जाता येतं. म्हणजे भर पावसात कोरड्या अंगानं जनावरांपर्यंत. आमची पडवी आणखी कशासाठी होती? आणि हा पाल्लादिओ कोण, तर पादोव्हाच्या गिरणीवाल्याचा पोरगा, हातात छिन्नी घेऊन वाढलेला. त्यानं गोठा मागच्या अंगाला लपवला नाही, मालकाच्या घराच्या रेषेत उभा केला. बाहेरून भिंती साध्या, चुन्याच्या. आत झेलोत्तीची भित्तिचित्रं, देवदेवतांच्या गर्दीत मक्याचं कणीससुद्धा. युनेस्कोच्या यादीत १९९६ पासून आहे ती, गोठ्यासकट.

हे सगळं मी रात्री दीड वाजता ग्रुपवर टाकलं. जरा चढ्या आवाजातच, कबूल.

सकाळी भावाचं उत्तर: "मग एमोंनी ती २००४ मध्ये बँकेला का विकली?"

शोधलंच त्यानं. मला माहीत होतं. मुद्दाम गाळलं होतं. साडेचारशे वर्षं एकाच घराण्यात राहिलेली वास्तू, एवढंच सांगून मी थांबलो होतो.

आणखी एक गाळलं होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी आबाकाकांनी कौलांसाठी माझ्या वाट्याचे पैसे मागितले. पुढच्या महिन्यात, म्हणालो. ऑगस्टात पोरांना घेऊन सार्दिनियाला गेलो. नऊ वर्षांत वाड्यात तीन रात्री झोपलोय, त्याही लग्नाचं हॉटेल भरलं होतं म्हणून. व्हिल्ला एमोत मात्र सहा वेळा गेलोय. दर वेळी खिडकीवर इटालियनमध्ये तिकीट मागतो, दर वेळी हातात इंग्रजी माहितीपत्रक पडतं. मीही ते मुकाट घेतो.

आबाकाका अशा वादात बोलत नाहीत. काल एवढंच लिहिलं: "त्या कणसाचा फोटो पाठव. बळदाजवळ लावू. आणि कौलांचं काय ते कळव."

फोटो लगेच पाठवला.